आजारातून बरे होण्यास परवानगी मिळणेबाबत

प्रति,
माननीय वास्तव्य परवाना अधिकारी,
परदेशी नागरिक कार्यालय,
बंदरासमोरील इमारत, दुसरा मजला.
(लिफ्टवर "दुरुस्ती चालू" ही पाटी अजून असल्याने अर्ज जिना चढून समक्ष दिला आहे.)

विषय : आजारातून बरे होण्यास, तसेच कळवलेल्या तारखेनंतरही जिवंत राहण्यास परवानगी मिळणेबाबत, आणि अर्जदाराच्या भाचीचा वास्तव्य परवाना खऱ्या कारणावर चालू ठेवणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, "रुग्णाच्या निधनाची संभाव्य तारीख कळवणेबाबत".
२) आपले त्यानंतरचे पत्र, "निधनानिमित्त सांत्वन व देश सोडण्याविषयी सूचना".

महोदय,

१. वरील पहिल्या पत्रात जिला "रुग्ण" आणि दुसऱ्यात "दिवंगत" म्हटले आहे, ती प्रस्तुत अर्जदार होय. हा अर्ज ती खिडकीजवळच्या टेबलाशी ताठ बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आपल्या कार्यालयात "मी" म्हणून बोलायला सुरुवात केली की खिडकीमागची मंडळी मान वर न करता "अर्जदार कोण?" असे विचारतात. तो वेळ वाचावा म्हणून अर्जदार स्वतःला अर्जदारच म्हणत आहे. तिचे वय झाले आहे हे खरे. पण वय होणे आणि आयुष्य संपणे यांत काही फरक असतो, आणि तो फरक आपल्या दफ्तरी नोंदवून घ्यावा एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

२. अर्जदार या देशात लग्न करून आली तेव्हा आपले कार्यालय याच इमारतीत, पण तळमजल्यावर होते, आणि रांग थेट अंगणापर्यंत यायची. त्या अंगणात दाराच्या डाव्या हाताला एक लाकडी टेबल असे. त्याला सगळे "रांगेचे टेबल" म्हणत. शहरातला प्रत्येक इमिग्रेशन वकील आपली पाळी आली की सकाळी कार्यालय उघडण्याआधी तिथे येऊन बसे आणि रांगेतल्या कुणालाही, काहीही न घेता, जे विचाराल ते सांगे. ही मेहरबानी नव्हती. वकिलीची सनद घेताना जी शपथ घ्यावी लागे तिच्यातच ते होते. ज्यांना भाषा येत नाही, पद्धत माहीत नाही, आणि चुकलो तर कुठे जायचे तेही ठाऊक नाही, अशा लोकांच्या जिवावर हा धंदा चालतो. तेव्हा आठवड्यातली एक सकाळ त्यांची, असा साधा हिशेब होता. पावसात टेबल भिजायचे, वकीलही भिजायचे. अर्जदाराने त्या टेबलावरच्या एका वकिलांना डोक्यावर फाईल धरून दुसऱ्याची फाईल वाचताना पाहिले आहे.

३. हे फाईलवाले वकील वयस्कर होते. अर्जदार व तिचे यजमान आपसात त्यांना "टोपणवाले" म्हणत. कारण असे की, तुम्ही तुमची हकीकत सांगू लागलात की ते पेन समोर ठेवत, पण त्याचे टोपण काढत नसत. सगळे ऐकून झाले की म्हणत, "पुन्हा सांगा." पुन्हा सांगितले की म्हणत, "अजून एकदा." अर्जदाराचे यजमान तापट. ते एकदा उखडले, "अहो, तुम्हाला ऐकू येत नाही की आमच्यावर विश्वास नाही?" टोपणवाले शांतपणे म्हणाले, "माणूस पहिल्यांदा दुसऱ्यांनी शिकवलेलं सांगतो. दुसऱ्यांदा स्वतः चांगला दिसेल असं सांगतो. तिसऱ्यांदा कंटाळतो आणि खरं सांगतो. मला तिसरं लागतं. खोटंच लिहायचं असेल तर माझी काय गरज? ते तर तुम्हाला येतंच." यजमान रागारागाने तिसऱ्यांदा बोलले, आणि तेव्हा कुठे टोपण निघाले.

४. त्याच वकिलांनी अर्जदाराच्या भाचीचे पहिले प्रकरण चालवले. अर्जदाराची धाकटी बहीण तेव्हा मायदेशी फार आजारी होती, आणि तिची लहानगी मुलगी अर्जदाराकडे आली होती. अर्जदाराला मूलबाळ नाही. सुनावणीला टोपणवाल्यांनी मोठे भाषण लिहून आणले होते. पण तेव्हाचे अधिकारी, म्हणजे आपल्या खुर्चीवर त्या काळी बसणारे गृहस्थ, टेबलावरून वाकले आणि थेट पोरीला विचारू लागले, "ही बाई तुझी कोण?" पोरगी म्हणाली, "मावशी." "म्हणजे आई नाही?" पोरीने अर्जदाराकडे एकदा नीट निरखून पाहिले आणि म्हणाली, "नाही. पण रागावते आईसारखी." अधिकारी हसले. टोपणवाल्यांनी भाषणाची घडी केली, खिशात ठेवली, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. केव्हा बोलायचे हे जाणणारे वकील अर्जदाराने पुष्कळ पाहिले. केव्हा गप्प बसायचे हे जाणणारे तेवढे एकच. भाचीची नोंद "घरातील व्यक्ती" अशी झाली, आणि तिची पुढची सगळी शाळा अर्जदाराच्या घरातून झाली.

५. पुढे बहीण बरी झाली आणि तिने मुलीला परत बोलावले. अर्जदाराने बॅग भरून दिली आणि कुणाला काही दाखवले नाही. निरोपाला टोपणवाले धक्क्यावर आले होते. ते म्हणाले, "ही नोंद पुसली जात नाही. पोरीला सांगून ठेवा, परत यावंसं वाटलं तर ती इथे पाहुणी नाही." अर्जदाराने ते लक्षात ठेवले. अर्जदार तसे सगळेच लक्षात ठेवते. यजमान असते तर त्यांनी याला दुजोरा दिला असता, कपाळाला हात लावून.

६. यानंतर बरीच वर्षे गेली. टोपणवाले गेले, यजमान गेले, बहीणही गेली. अर्जदार पडदे लावताना स्टुलावरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. भाची मायदेशी शाळेत भूगोल शिकवत होती. ती नोकरी सोडून आली आणि आल्या आल्या म्हणाली, "मावशी, या वयात स्टुलावर? तुला बांधून ठेवायला हवं." रागावण्याची बाजू आता पालटली होती. येथवर सांगितलेले सगळे खरे आहे, आणि आपल्या दफ्तरात आजारपणाविषयी जेवढे खरे आहे ते याच परिच्छेदात संपते. हाड मोडले होते. ते जुळले. पुढे जे घडले ते वकिलांनी घडवले.

७. हे नवे वकील आपण पाहिले असतील. शहरातल्या बसच्या पाठीवर हात जोडून हसणारे ते हेच. अर्जदार त्यांना "हसरे वकील" म्हणते. त्यांच्या कार्यालयाच्या भिंती काचेच्या आहेत, त्यामुळे आत काय चालले आहे ते सगळे दिसते आणि ऐकू काहीच येत नाही. पहिल्या भेटीत अर्जदार म्हणाली, "ही मुलगी लहानपणी माझ्याच घरात वाढली. तुमच्याआधीच्या वकिलांनी तिची नोंद करून घेतली होती, ती—" हसरे वकील फोनकडे बघत म्हणाले, "आजी, तो जमाना गेला. आजारपण लवकर मंजूर होतं. किती आजारी आहात?" अर्जदार म्हणाली, "खुबा मोडलाय." ते म्हणाले, "छान." ती फक्त खुब्याविषयी विचार करत होती, ते संपूर्ण अर्जदाराविषयी. सहाय्यिकेने "सही इथे, इथे आणि इथे" म्हणून बोट ठेवले, आणि अर्जदाराने तिथे, तिथे आणि तिथे सही केली. पेनाला मुळात टोपणच नव्हते. हल्ली वकिलांकडे दाबायची पेने असतात.

८. हाड जुळल्यावर अर्जदाराने ही आनंदाची बातमी वकिलांना फोनवर कळवली. मग ते म्हणाले, "आजी, हे अजून कुणाला सांगितलंय का?" अर्जदार म्हणाली, "शेजारणीला." "तिला समजावून सांगा." "काय समजावू?" "की तुम्ही बऱ्या नाही. तुम्ही बऱ्या झालात तर भाची कशाला लागेल? परवाना रुग्णाच्या देखभालीचा आहे. रुग्ण नाही तर देखभाल नाही, देखभाल नाही तर भाची नाही." अर्जदाराने विचारले की मग आपण किती दिवस आजारी राहायचे. ते म्हणाले, "तब्येत अशीच सांभाळा, एवढंच. सुधारू देऊ नका." अर्जदाराने आयुष्यात डॉक्टरांचे पथ्य पुष्कळ पाळले आहे. वकिलांचे पथ्य पाळण्याची ही पहिलीच वेळ.

९. आपल्या विभागाचे निरीक्षक घरी आले ती हकीकत त्यांच्या अहवालात नसेल, म्हणून येथे देत आहे. भाची धुतलेले पडदे इस्त्री करत होती. अर्जदार शिडीवर होती (स्टूल भाचीने माळ्यावर टाकले आहे) आणि अर्धा पडदा चढवून झाला होता, तोच दारावरची बेल वाजली. भाचीच्या तोंडचे पाणी पळाले. "मावशी, आडवी हो!" अर्जदार पायांत चपला तशाच ठेवून पांघरुणात शिरली, आणि पडद्याच्या कड्या तिच्या मुठीत राहिल्या. निरीक्षक तरुण आणि सभ्य होते. त्यांनी हळू आवाजात विचारले, "यांना ऐकू येतं का?" भाची म्हणाली, "कधी कधी." निरीक्षकांनी कागदावर खुणा केल्या. मग त्यांचे लक्ष खिडकीकडे गेले. अर्धा पडदा, खाली शिडी. "हे कोण लावत होतं?" भाचीला उंचीची भीती वाटते, तीच भीती तिच्या वैद्यकीय कागदांत लिहिलेली आहे आणि ते कागद निरीक्षकांच्याच हातात होते. भाची पुन्हा पडद्यावर इस्त्री फिरवू लागली. खोलीत इस्त्रीची वाफ तेवढी फुसफुसत होती. निरीक्षक अर्जदाराजवळ आले, पांघरुणाबाहेर आलेल्या मुठीतून त्यांनी कड्या हळूच सोडवून घेतल्या, शिडीवर चढले, उरलेला पडदा लावला आणि निघून गेले. अहवाल आला : "रुग्णाच्या प्रकृतीत सुधारणा नाही." या निरीक्षकांवर काही कारवाई होणार असेल तर ती अर्जदारावर व्हावी ही विनंती. एवढे मोठे खाते, आणि त्यात नीट निरखून पाहणारा माणूस तो एकच निघाला.

१०. परवान्याच्या नूतनीकरणानंतर आपल्याकडून अर्जदाराला प्रोस्टेट ग्रंथीच्या वार्षिक तपासणीचे बोलावणे आले. अर्जदाराने ते दोनदा वाचले आणि भाचीला दिले. भाची वाचता वाचता आधी खुर्चीत आणि मग जमिनीवर बसली. तिला हसू आवरेना. वकिलांकडून प्रकरणाची प्रत मागवली तेव्हा कळले की अर्जदाराने आयुष्यभर मासेमारीच्या जहाजावर काम केले असून त्यामुळे तिची कंबर निकामी झाली आहे, आणि सोबत हा पुरुषांचा आजार आहे. अर्जदाराला पाण्याची भीती वाटते. ती या देशात आली तेव्हाही सगळा प्रवास तिने जहाजाच्या मधल्या खोलीत डोळे मिटून केला होता. हे हसऱ्या वकिलांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "असू द्या हो, मंजूर झालंय. मंजूर झालेल्याला हात लावायचा नसतो." आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी या मजकुरावर "सहानुभूतीपूर्वक शिफारस" असा शेरा मारला आहे. त्यांच्याविषयी अर्जदार एवढेच म्हणेल की सहानुभूती भरपूर आहे, वाचन कमी पडते.

११. तो आजार खरोखर कुणाचा, हे अर्जदाराला आपल्याच कार्यालयाच्या बाकावर कळले. शेजारी एक मच्छीमार आजोबा बसले होते. जाड बोटांचे, सारखी टोपी काढून घालणारे. बोलता बोलता त्यांचेही वकील तेच निघाले. ते म्हणाले, "बाई, मी पडदे लावताना स्टुलावरून पडलो म्हणे. माझ्या घरात पडदेच नाहीत." अर्जदाराच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती म्हणाली, "आजोबा, जरा जवळ सरका. तुमची कंबर माझ्याकडे आहे. आणि दुसरंही एक आहे, ते मोठ्याने सांगता येणार नाही." एकाच सकाळी, एकाच नमुन्यावर दोघांचे कागद तयार झाले होते आणि मधली पाने अदलाबदल झाली होती. त्यांच्या कागदांत ते विधवा होते. ते म्हणाले, "घरी सांगितलं तर बायको म्हणते, चला, निदान कागदावर तरी मी सुटले." दोघेही इतके हसले की खिडकीमागच्या बाईंनी शांतता राखण्याची पाटी बोटाने वाजवली.

१२. यापुढे हसण्यासारखे नाही. अर्जदाराच्या बाबतीत जी चूक आपल्या नजरेतून सुटली, ती त्यांच्या बाबतीत सुटली नाही. "अर्जदार विधवा असल्याचा पुरावा सादर करू शकला नाही" या कारणावरून त्यांच्या देखभालीला आलेल्या मुलाचा परवाना रद्द झाला. मुलाला देश सोडावा लागला. हसऱ्या वकिलांनी काखा वर केल्या आणि अपिलासाठी वेगळी भेट ठरवा म्हणाले. आजोबा टोपी हातात फिरवत म्हणाले, "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं ना, बाई. मला कुणी विचारलंच नाही." त्या दिवशी, ते सांगतात, त्यांची बायको एकदाही हसली नाही. एकच चूक, अर्जदाराच्या घरात तिचा विनोद झाला आणि आजोबांच्या घरातली एक खोली रिकामी झाली. आपण कोणत्या बाजूला पडलो हे केवळ नशीब, आणि नशिबावरच सोपवायचे होते तर मध्ये वकील कशासाठी ठेवले आहेत, हे अर्जदाराला समजून घ्यायला आवडेल.

१३. आता मूळ विषय. आपल्या पहिल्या पत्रात रुग्णाच्या निधनाची संभाव्य तारीख विचारली होती, म्हणजे देखभालीच्या परवान्याची मुदत त्यानुसार ठरवता येईल. हे काम ज्यांनी योजले त्यांच्या टापटिपीचे कौतुक आहे. अर्जदाराने वकिलांच्या सहाय्यिकेला फोन केला. ती म्हणाली, "आजी, तो रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढे जात नाही." "मग?" "मग मी महिनाअखेर टाकली. महिनाअखेर सोपी पडते." "कुणाला?" यावर ती म्हणाली की थांबा, दुसरा फोन येतोय. हसरे वकील नंतर स्वतः बोलले, "आजी, औपचारिकता आहे. तारखेचं मनावर घेऊ नका." अर्जदार म्हणाली, "मी घेत नाही हो. पण ज्यांनी ती विचारली ते घेतील ना?"

१४. आणि त्यांनी घेतली. आपले दुसरे पत्र त्या तारखेच्या आधीच भाचीच्या नावे आले. त्यात आपला विभाग तिच्या दुःखात सहभागी आहे आणि दुःखाच्या दुसऱ्या दिवशी तिने देश सोडावा असे आहे. भाचीने ते अर्जदारालाच वाचून दाखवले, कारण अर्जदाराचा चष्मा सापडत नव्हता. स्वतःच्या निधनाचे सांत्वनपत्र चहा पिता पिता ऐकण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभते. पण वाचता वाचता भाचीने एक ओळ गाळली. "देश सोडावा" हे शब्द तिने वाचलेच नाहीत. ते अर्जदाराने नंतर चष्मा सापडल्यावर वाचले. तिची आई नाही. मायदेशी तिचे घर म्हणजे एक कुलूप आहे. नोकरी तिने सोडली ती अर्जदाराच्या खुब्यासाठी. येथे महोदयांच्या लक्षात यावे की अर्जदार मेली तर भाची जाते, आणि बरी झाली तरी भाची जाते. भाची राहावी म्हणून अर्जदाराने मधल्यामध्ये लोंबकळत राहावे, ना धड पायांवर, ना धड स्मशानात, अशी ही व्यवस्था आहे. आणि तारीख जवळ येत चालली आहे. त्यातच दातांच्या डॉक्टरांनी अर्जदाराला नवी कवळी त्यानंतरच्या आठवड्यात देण्याचे ठरवले आहे, तेव्हा एका कार्यालयाला तरी आपली तारीख बदलावी लागेल.

१५. अर्जदार गेल्या आठवड्यात आपल्या अंगणात उतरली होती. रांगेचे टेबल आहे तिथेच आहे. त्यावर कुणी वकील नव्हता. हसऱ्या वकिलांचा पुठ्ठ्याचा माणूसभर उंचीचा फोटो उभा होता, हात जोडलेला, आणि पोटाशी एक चौकोनी काळी-पांढरी जाळी, जिच्यापुढे फोन धरला की भेटीची वेळ मिळते. रांगेतली एक बाई कडेवरचे मूल सावरत त्या पुठ्ठ्याला काहीतरी विचारत होती. बराच वेळ विचारत होती. तिला वाटले असावे की साहेब विचार करत आहेत. चौकशी केल्यावर कळले की शपथेत आता फक्त "टेबलावर उपस्थिती" एवढेच शब्द उरले आहेत आणि पुठ्ठ्याची उपस्थिती धरली जाते. टोपणवाले एकदा म्हणाले होते की कायद्यात जागा आखलेल्या असतात आणि माणसे आखलेली नसतात. खऱ्या माणसाला त्यात जागा शोधून देणे हे वकिलाचे काम. जागेच्या मापाने माणूस कापणे हे शिंप्यालाही शोभत नाही. वकील हा आपल्या कार्यालयाच्या आणि रांगेच्या मध्ये उभा असतो. तो खोटे लिहू लागला की आपण सगळ्यांना खोटे समजू लागता. मग मच्छीमाराचा खरा मुलगाही खोटा ठरतो.

१६. सबब अर्जदाराची प्रार्थना अशी :

(क) अर्जदार बरी झाली आहे याची नोंद घ्यावी. तिने अंथरुणात पडून राहण्यात जी साथ दिली तिची शिक्षा तिला द्यावी, भाचीला नको. शिक्षा चालत येऊन भोगण्याइतकी तिची प्रकृती उत्तम आहे.

(ख) भाचीची "घरातील व्यक्ती" ही जुनी नोंद आपल्याच इमारतीत कुठेतरी आहे. ती पुसली जात नाही असे अर्जदाराला सांगितले गेले होते, आणि सांगणारा माणूस खोटे लिहीत नसे. तिच्या आधारावर परवाना मिळावा.

(ग) मच्छीमार आजोबांना त्यांची कंबर व इतर सर्व परत मिळावे, आणि अर्जदाराला तिचा खुबा. आजोबांच्या मुलाचे प्रकरण कुणीतरी त्यांना विचारून पुन्हा लिहावे.

(घ) पुठ्ठा काढावा. त्या टेबलावर माणूस येईपर्यंत अर्जदार दर सोमवारी सकाळी तिथे बसणार आहे. सल्ला ती देणार नाही, तो अधिकार तिला नाही. ती फक्त ऐकेल. एकदा ऐकेल, पुन्हा सांगा म्हणेल, आणि अजून एकदा म्हणेल. आपण कामावर येताना तिथूनच जाता. अर्जदार हयात आहे की नाही याची खात्री तेव्हा जाता जाता करून घेता येईल. वेगळ्या निरीक्षकाची गरज पडणार नाही.

१७. शेवटी एक. हा अर्ज तिसऱ्यांदा लिहिला आहे. पहिल्यांदा लिहिला तेव्हा अर्जदार म्हातारी आहे, एकटी आहे, देखभाल लागते, असे लिहिले. तो वकिलांनी शिकवलेला होता, फाडला. दुसऱ्यांदा लिहिला तेव्हा अर्जदाराने बहिणीच्या मुलीसाठी किती केले ते लिहिले. वाचताना ती बाई फार थोर वाटली, तोही फाडला. आता हात दुखतो आहे आणि कंटाळा आला आहे. मला देखभाल लागत नाही. पडदे मी लावते. त्या पोरीला स्टुलावर चढतानासुद्धा घाम फुटतो. भाजी ती करपवते, खिडक्या उघड्या टाकून बाहेर जाते, आणि मी बोलले की म्हणते, "मावशी, तू अजून तशीच आहेस." संध्याकाळी दारात तिची किल्ली फिरते आणि मी आतून विचारते, "एवढा उशीर?" ज्या दिवशी हे जिला विचारावे अशी घरात कुणी येणार नाही, त्या दिवशी आपली तारीख बरोबर ठरेल. मला ती हवी आहे. याला कायद्यात कोणते कलम आहे ते मला ठाऊक नाही. ते शोधायला वकील लागतो.

दारापाशी ती उभी आहे आणि मी किती वेळ लिहितेय म्हणून रागावते आहे. आईसारखी.

आपली, आपल्या दफ्तराबाहेर हयात असलेली,
(सही)
अर्जदार, म्हणजे मी

दिनांक : आपण ठरवलेल्या तारखेच्या अलीकडचा.

सोबत :
१) दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी.
२) अर्जदाराचा शिडीवरचा फोटो. (भाचीने काढला आहे, एका हाताने शिडी धरल्यामुळे थोडा हलला आहे.)
३) मच्छीमार आजोबांच्या पत्नीचे निवेदन, की त्या जिवंत असून त्यांचे यजमान पुरुष आहेत. त्याखाली त्यांनी स्वतः वाढवलेली ओळ अर्जदाराने खोडलेली नाही : "माझा मुलगा परत पाठवा."

प्रत माहितीसाठी : हसरे वकील. टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या हातात ठेवली आहे.